डावा वाटा, उजवा वाटा

आमच्या घरात एकाच वर्षी दोन वाटण्या निघाल्या. एक चाकूर तालुक्यातल्या वडिलोपार्जित शेताची, दुसरी माझ्या कीबोर्डची. शेताच्या वाटणीला तलाठी, मोजणीदार, तहसीलदार आणि थोरला भाऊ एवढी माणसं लागतात. कीबोर्डच्या वाटणीला भाचा, ट्रॉफीवाला, सुतार आणि रेडिओ दुरुस्त करणारे एक काका लागले. शेताच्या मधून बांध घालायचा म्हटलं की गाव गोळा होतं. कीबोर्डच्या मधून बांध घातला तेव्हा एकटी बायको गोळा झाली. म्हणाली, "अहो, चांगला होता की. कशानं तुटला?"

तुटला नव्हता. मी तो पैसे मोजून तसा करून घेतला होता. पण हे वाक्य घरात बोलण्यासारखं नसतं.

मी पोटासाठी अक्षरं जुळवतो. नांदेडला वजिराबादेत माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पीएच.डी.चे प्रबंध, स्मरणिका, कोर्टाच्या नोटिसा, कुणाच्या तरी आजोबांचं आत्मचरित्र, जे येईल ते. पण टायपिंग शिकलो लातुरात, १९८८ साली, गंजगोलाईत. तिथं मधल्या गोलाला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि नवखा माणूस आला त्याच रस्त्यानं परत जाईल याची खात्री कुणी देत नाही. एका कापड दुकानाच्या माडीवर आमचा क्लास होता. खाली मीटरनं कापड फाटायचं, वर मिनिटानं शब्द मोजायचे. मराठी तीस शब्द, मग चाळीस शब्द, दोन्ही परीक्षा शासकीय. यंत्रं गोदरेजची. गोदरेजनं पहिलं देशी टंकयंत्र काढलं १९५५ साली आणि बनवणं थांबवलं २००९ साली. माझी बोटं मात्र कुणी थांबवली नाहीत.

त्या यंत्रावर मराठी लिहिणं हा गवंडीकामाचा प्रकार होता. ग, ण, श ही अक्षरं आख्खी मिळायचीच नाहीत. आधी अर्धं अक्षर ठोकायचं, मग त्याला काना लावून उभं करायचं. 'गाणं' लिहायला 'ग'चा एक काना, त्यानंतर 'गा'चा दुसरा. आणि ऱ्हस्व वेलांटी आधी. 'किती' लिहायचं तर पहिल्यांदा वेलांटी मारायची, मग तिच्या कुशीत 'क' आणून बसवायचा. कारण यंत्राला उच्चार कळत नाही, त्याला कागदावरचं डावं-उजवं तेवढं कळतं. पुढं युनिकोड आलं, इन्स्क्रिप्ट नावाची कीबोर्डची मांडणी आली, तिथं जसं बोलाल तसं लिहा असा कायदा. आधी 'क', मग वेलांटी. डोक्यानं हा कायदा एका दिवसात मान्य केला. बोटांनी अपील केलं आणि ते वर्षभर चाललं. त्या वर्षी छापलेल्या एका पत्रिकेत वराचं नाव 'िकरण' असं गेलं होतं. लग्न मोडलं नाही, पण पत्रिकेचे पैसे बुडाले.

तर अशी तीस-पस्तीस वर्षं बडवल्यावर मनगटं बोलायला लागली. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये चार-पाच जिल्ह्यांतलं आणि सीमेपलीकडच्या तेलंगणातलंही दुखणं रोज येऊन बसलेलं असतं. त्यात मीही जाऊन बसलो. डॉक्टरांनी मनगट दाबलं, करंगळीकडं वाकवलं, मी ओरडलो.

"काम काय करता?"

"टायपिंग."

"कमी करा."

पोट कमी करा म्हणाले असते तर जमवलं असतं.

भाचा विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो आणि रविवारी जेवायला येतो. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि निदान केलं. "मामा, दुखणं तुमच्या हाताचं नाही, कीबोर्डचं आहे. बसा टायपिंगला. बघा, खांदे आत, कोपरं बाहेर, मनगटं वाकडी." खरं होतं. पंगतीत दोघांच्या मधे तिसरा म्हणून घुसवलेला माणूस जसा अंग चोरून जेवतो, तसा मी आयुष्यभर टाइप करत आलो होतो. त्यावर उपाय सरळ आहे, असं तो म्हणाला. पंगत सैल करायची. कीबोर्डचे दोन तुकडे करायचे, एक डाव्या खांद्यासमोर, एक उजव्या खांद्यासमोर. असे कीबोर्ड जगात पुष्कळ लोक घरी बनवतात. जपानातल्या एकानं आखलेला 'कॉर्ने' नावाचा तर बेचाळीस बटणांचाच आहे, आणि त्याचे नकाशे सगळ्यांना खुले आहेत.

माझ्यासमोरच्या कीबोर्डवर १०४ बटणं होती. "मग उरलेली ६२ गेली कुठं?"

"थरांत. एक बटण दाबून धरलं की बाकीच्यांचे अर्थ बदलतात."

हे मला लगेच कळलं. आमच्या पहिल्या भाड्याच्या घरात एकच खोली होती. दिवसा दुकान, संध्याकाळी शिकवणी, रात्री अंथरूण. खोली तीच, थर तीन.

भाच्यानं मग मला कीबोर्डचा इतिहास ऐकवला, आणि मला पहिल्यांदा माझ्या आयुष्याचा राग आला. मिलवॉकीच्या ख्रिस्तोफर शोल्स नावाच्या मुद्रकानं, म्हणजे आमच्याच धंद्यातल्या माणसानं, १८६८ साली टंकयंत्राचं पेटंट घेतलं. १८७४ पासून रेमिंग्टन कंपनीनं ते विकायला काढलं. त्यात प्रत्येक बटणाखाली एक लांब दांडी असायची. वरच्या ओळीची दांडी खालच्या ओळीच्या दांडीला अडू नये म्हणून ओळी एकमेकींपासून थोड्या सरकवल्या. दांड्या जाऊन किती वर्षं झाली! पण ओळी अजून तशाच सरकलेल्या. जमिनीखालची नळयोजना बंद पडली तरी रस्ता तिच्यासाठी वाकडा तो वाकडाच राहावा, तसं. डाव्या हाताची बोटं तर खाली उतरताना चक्क उलट्या दिशेला मुरडतात. आणि दोन्ही अंगठे, हाताची सर्वांत दणकट बोटं, मिळून एक स्पेसबार सांभाळतात. दोन पैलवान एका पानपट्टीवर कामाला ठेवल्यासारखे.

पाची बोटं सारखी नसतात हे मराठीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कीबोर्डवाल्यांना तेवढं कुणी सांगितलं नाही.

म्हणून आमची आखणी हातापासून सुरू झाली. स्टॅम्पपॅडची निळी शाई पाची बोटांना फासली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं सैल हातानं ठसा उमटवला. बोटं वर-खाली जशी सरकतात तशा रेघा ओढल्या. मधलं बोट सर्वांत वर, करंगळी बिचारी खाली राहिलेली. मग त्या रेघांवर पाऊण पाऊण इंचावर चौकोन मांडले. नेहमीच्या कीबोर्डवर दोन बटणांच्या मध्यांत पाऊण इंचच, म्हणजे १९.०५ मिलिमीटर अंतर असतं. बटणाखालचा स्विच बसायला चौकोनी भोक लागतं १४ मिलिमीटरचं. कागदाची बटणं कापून मी दोन दिवस हवेत टायपिंग केलं. गिऱ्हाईक आलं की भाचा सांगायचा, "मामांचा व्यायाम चालू आहे."

आता स्विच. यातही जाती आहेत, आणि त्यावरून माणसं तुरीच्या वाणावरून भांडावीत तशी भांडतात. एक टिकटिक वाजणारा, एक वाटेत बारीकशी ठेच लागणारा, एक लोण्यातनं सुरी जावी तसा सरळ. जर्मनीच्या चेरी कंपनीनं घालून दिलेला घाट अजून चालतो. बटण खाली जातं चार मिलिमीटर, पण अक्षर दोन मिलिमीटरवरच उमटतं. म्हणजे निम्म्या वाटेतच काम झालेलं असतं. मला हे कळायला पन्नाशी उलटावी लागली. टंकयंत्रावर चार कार्बन कॉप्या निघाव्यात म्हणून ठोकायची सवय, मी प्रत्येक बटण तळापर्यंत नेऊन वर दोन क्षण दाबून धरत होतो. भाचा म्हणाला, "मामा, कीबोर्ड आहे, खलबत्ता नाही." मी ठेच लागणारा स्विच घेतला. वाजणारा मनातून हवा होता, गंजगोलाईची माडी आठवते त्यानं, पण दुपारी घरात झोपणारी माणसं आहेत.

स्विच, दोन चिमुकले मायक्रोकंट्रोलर आणि डायोडची पुडी कुरिअरनं आली. खर्चाचे दोन आकडे आहेत. एक वहीत आहे, दुसरा बायकोला सांगितलेला आहे.

बाकीचं सगळं नांदेडात झालं, याचा मला अभिमान वाटतो. स्विच बसवायची तबकडी कापून दिली ट्रॉफ्या आणि नेमप्लेट करणाऱ्यानं. त्याच्याकडं लेझरचं यंत्र आहे. दहावी-बारावीच्या गुणवंतांचे निकाल लागले की ते रात्रंदिवस चालतं, आणि लातूर-नांदेडात गुणवंतांना तुटवडा नाही. मी त्याला त्या हंगामाच्या आधीच गाठलं. ॲक्रिलिकच्या दोन तबकड्या घेऊन घरी आलो, टेबलावर मांडल्या आणि मला घाम फुटला. दोन्ही डाव्या हाताच्या! तसाच परत गेलो. म्हटलं, उजवा हात कुठाय? त्यानं पानाचा तोबरा सावरत एक तबकडी उचलली, पालथी केली आणि ठेवली. उजवा हात झाला. "साहेब," तो म्हणाला, "इंजिनियर भाच्याला इचारा ना जरा." फक्त एक घोळ राहिला. सवयीनं त्यानं दोन्हींवर माझं आडनाव कोरलं होतं. डाव्या हातावर ते दिमाखात दिसतं, उजव्या हाताच्या पोटात आहे.

बूड लाकडाचं हवं होतं. किनवटकडच्या सागवानाचा एक तुकडा सुताराकडं जुन्या चौकटीतून निघालेला पडून होता. मी त्याला सांगितलं, दोन्ही तुकडे आतल्या बाजूला उंच, बाहेरच्या बाजूला उतरते हवेत. तळहात पूर्ण पालथा पडला की हाताला पीळ बसतो, थोडा कलता ठेवला की सैल राहतो. त्यानं कागद फिरवून फिरवून बघितला. "म्हणजे दुपाखी छप्पर. पाणी कोणीकडं काढायचंय?" मी म्हटलं, पाणी काढायचं नाही, दुखणं काढायचंय. त्यानं मान डोलावली आणि उतार असा नेमका काढला की खरोखर पाऊस पडला तर एक थेंब थांबणार नाही.

डाग द्यायला मात्र लातूर गाठावं लागलं. भाच्याची परीक्षा होती आणि माझा हात थरथरतो. लातुरात माझ्या तरुणपणापासूनचे एक काका आहेत, रेडिओ दुरुस्त करणारे. आता रेडिओ येत नाहीत, काका मात्र रोज दुकान उघडतात. जेवणाच्या स्टीलच्या डब्यात एका पुडात डावा अर्धा, दुसऱ्यात उजवा अर्धा ठेवून मी एसटीत बसलो. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. अहमदपूरच्या पुढं शेजारच्या माणसाला वाटलं की मी डबा सोडतो आहे. त्यानं सौजन्यानं आपली शेंगदाण्याची चटणी पुढं केली. मी झाकण उघडलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "उपास हाय का?"

काकांनी दोन्ही अर्धे उलटेपालटे केले. "याच्यात स्टेशन लागतंय का?" मी कारभार समजावला. एका अर्ध्यात एकवीस बटणं. प्रत्येकाची वायर वेगळी नेली तर जंजाळ होईल. म्हणून चार आडव्या ओळी, सहा उभ्या, अशा दहाच वायरी. कुठली आडवी आणि कुठली उभी जुळली यावरून आतल्या मेंदूला बटण ओळखू येतं. गट नंबर आणि हिस्सा नंबर सांगितला की तलाठ्याला जमीन कळते तसं. पण त्यात एक भूत असतं. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली, तर वीज आडवाटेनं फिरून चौथ्या कोपऱ्यावर न दाबलेलं बटणही दाबलं म्हणून हजेरी लावते. तीन भावांनी सह्या केल्या की मुंबईला असलेल्या चौथ्याचीही उमटते, असले प्रकार कागदोपत्री आपल्याकडं होतात. त्यावर इलाज म्हणून प्रत्येक बटणाला एक डायोड.

"म्हणजे एकेरी रस्ता," काका म्हणाले आणि चष्मा खाली घेतला. पुढचे तीन तास ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचाही हात थरथरतो. पण सोल्डरची तार आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक एकत्र आलं की थांबतो. डायोडचा काळा पट्टा कुठल्या अंगाला याची त्यांनी एकदाच खातरजमा केली. बेचाळीस डायोड, स्विचच्या चौऱ्याऐंशी तंगड्या, राळेचा तो जुना वास. पैसे विचारले तर म्हणाले, "चालू झाल्यावर दे." चालू करायची ते मला घाई करत नव्हते, पण दुकान बंद करायची वेळ झाली तरी शटरला हात लावत नव्हते.

लॅपटॉपला जोडून मी पहिला शब्द टाइप केला, 'ताट'. उमटला 'काप'.

काकांनी माझ्याकडं बघितलं, मी काकांकडं. 'रात' टाइप केलं. आलं 'चाक'. रात्रीचं चाक झालेलं बघून माझा धीर सुटला. भाच्याला फोन लावला. तो अभ्यासातून उठून हसायला लागला. उजवी तबकडी पालथी घातली होती ना, मग पाठीमागून वायरी मोजताना पहिली उभी ओळ शेवटची झाली, शेवटची पहिली. 'त'च्या जागी 'क', 'ट'च्या जागी 'प', 'र'च्या जागी 'च'. नुसता आरसा. डागांना हात लावायची गरजच नव्हती. आतल्या सूचनांमध्ये एक ओळ उलटी केली आणि ताटाचं ताट झालं. काकांनी शटर ओढलं.

आता खरी वाटणी पुढं होती, अक्षरांची. आणि तिथं मला मोठा धक्का बसला, कारण ती माझ्या आधीच कुणीतरी करून ठेवली होती. इन्स्क्रिप्ट मांडणी, जी १९९१ साली भारतीय मानकात गेली, तिच्यात स्वरचिन्हं डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला आहेत. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, पाय मोडायचं चिन्ह, सगळं डावीकडं. क, त, र, प, च, द, ग उजवीकडं. एकत्र कुटुंबात राहून चूल कधीच वेगळी झालेली होती, मी फक्त मधली भिंत घातली. वर्षानुवर्षं त्या मांडणीवर काम करून मला हे दिसलं नव्हतं. दोन तुकडे टेबलावर हातभर लांब ठेवले आणि दिसलं. उजवा हात अक्षर टाकतो, डावा त्याला कानामात्रा देतो. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींसारखं, खुंटा इकडून तिकडं.

अर्थात वाटणी म्हटली की बांधावरची झाडं आलीच. म, न आणि व ही तीन व्यंजनं डाव्या वाट्यात, खालच्या ओळीत उभी आहेत. मूळ आखणाऱ्यांना उजवीकडं जागा पुरली नसावी. भाचा म्हणाला, हलवू या, आपलाच कीबोर्ड आहे. मी नको म्हटलं. भावाच्या हद्दीत आपली आंब्याची तीन झाडं असली तर येणं-जाणं राहतं.

याच नादात मी गावांची नावं मोजली. 'लातूर' लिहून बघा. ल उजवा, काना डावा, त उजवा, दीर्घ उकार डावा, र उजवा. एक हात एकदासुद्धा लागोपाठ नाही. 'नांदेड' लिहा. न डावा, काना डावा, अनुस्वारही डावा, मग कुठं द-ला उजवा हात जागा होतो. तीस वर्षं ज्या गावाचं पाणी पितो ते सुरुवातीलाच एका हातावर भार टाकतं, आणि जे सोडून आलो ते फुगडी घालतं. ही गोष्ट थोरल्या भावाला सांगायची नाही असं मी ठरवलं, तो लातुरात राहतो. तीन दिवस टिकलो. फोनवर सांगितलीच. "मग? आमचं लातूर हाय," तो म्हणाला, जणू इन्स्क्रिप्ट गंजगोलाईत ठरलं होतं.

हिशेबाची खोडच लागली म्हणा. प्रमाण मराठीत 'करत आहे' लिहायला सात बटणं, शिवाय 'आ'साठी शिफ्ट. आमच्या मराठवाड्यात 'करायलो'. सहा बटणं, शिफ्ट नाही, मधे स्पेस नाही. मनगटाचा विचार करून बोलणारी आमची बोली आहे आणि आम्ही पुण्याच्या पाव्हण्यासमोर ती दडवत आलो. प्रबंधांत मात्र 'संशोधक करायला' असं लिहायची सोय नाही. मार्गदर्शक आक्षेप घेतात.

एका निर्णयाचं मात्र श्रेय माझं. डाव्या अंगठ्याखाली मी 'ळ' ठेवला. इन्स्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट धरून 'ल'च्या बटणावर आहे, म्हणजे दर 'ळ'ला करंगळी ताणायची. मराठी माणसाला दिवसातून किती 'ळ' लागतात! सकाळ, वेळ, जवळ, कळ, डाळ, आणि सरकारी कागदात तर प्रत्येक विषयाच्या शेवटी. आता शिफ्ट आणि 'ल' एकदम गेल्याचं नाटक आतला मेंदू करतो, अंगठ्यानं फक्त टेकायचं. डावाच अंगठा का, तर शेताच्या वाटणीसाठी ट्रंकेतून जुने कागद काढले होते. निजामाच्या काळातले, उर्दूत, वाचता येत नाहीत. पण खाली आजोबांचा अंगठा आहे आणि तो वाचायला उर्दू लागत नाही. पुढच्या मराठी खतावर शेजारी लिहिलेलंही आहे, 'निशाणी डावा अंगठा'. आमच्या घराण्यातला अंगठा एवढंच लिहायला शिकला होता. त्याला आणखी एक अक्षर यावं असं वाटलं, आणि देण्यासारखं त्याहून मराठी अक्षर माझ्याकडं नव्हतं.

जागा कुणाला तरी कमी पडणारच. नुक्त्याचं बटण गेलं, त्याच्याबरोबर 'ञ' गेला, दोघांची कुणी चौकशी केली नाही. पण 'ऑ'चा अर्धचंद्र विसरलो ते महागात पडलं. नेहमीच्या कीबोर्डवर तो पार उजव्या टोकाला असतो, आमच्या वाटणीत ते टोकच छाटलं गेलं. आठवडाभर मी 'डाक्टर', 'आफिस', 'कालेज' असं टाइप करत होतो. एका गिऱ्हाइकानं वाचून विचारलं, "मुद्दाम ग्रामीण केलंय का?" शेवटी वरच्या थरात, आकड्यांच्या शेजारी, चंद्राला खोली दिली.

दोन अर्ध्यांना जोडणारी वायर हेडफोनच्या पिनेसारखी असते. संगणकाला एकच अर्धा लागतो. दुसऱ्याचं वीजपाणी आणि निरोप सगळं त्या वायरीतून. आमच्या शेतातही तसंच आहे. जमीन दोघांची झाली तरी सातबाऱ्यावर विहीर सामाईक राहणार, तिचे काय तुकडे करणार! भाच्यानं बजावलं होतं, चालू असताना ही वायर उपसायची नाही. ती पिन बाहेर येताना तिच्या कड्या भलत्याच ठिकाणी घासतात, वीज नको तिथं शिरते. मी ऐकलं होतं. पण एके दिवशी झाडू मारणाऱ्या बाईंना जागा करून द्यायला उजवा अर्धा घाईनं उचलला. धूर नाही, आवाज नाही. फक्त त्यानंतर उजवीकडचं एकही व्यंजन येईना. नुसते काने, मात्रा, वेलांट्या, आणि अधूनमधून म, न, व आणि अंगठ्याखालचा ळ. म्हणजे 'मान' लिहिता येत होतं, 'मन' लिहिता येत होतं, 'वन', 'वामन', आणि बाकी जगाशी संबंध तुटलेला. बांधावरची ती तीन झाडं अशी कामाला आली. नवा मायक्रोकंट्रोलर यायला नऊ दिवस लागले. बाईंना आता माझ्या टेबलाजवळ यायची बंदी आहे असं त्या सगळीकडं सांगतात. बंदी मला आहे.

शिकायला वेळ लागला का, तर लागला. पहिल्या दिवशी मिनिटाला सहा शब्द. लातूरच्या माडीवर पहिल्या आठवड्यात एवढे होते. बटणांवर अक्षरं नाहीत, कोरीच घेतली, त्यामुळं खाली बघून उपयोग नाही. बायकोनं विचारलं, "याच्यावर अक्षरं कुठायत?" मी म्हटलं, डोक्यात. "तरीच," म्हणाली ती. तिसऱ्या आठवड्यात बोटांनी हद्दी मान्य केल्या. कुठल्या तरी दुपारी एक प्रबंध टाइप करताना लक्षात आलं की मी खुर्चीत टेकून बसलो आहे, दोन्ही हात आरामखुर्चीच्या हातांवर ठेवावेत तसे लांब लांब, छाती मोकळी. मधल्या जागेत चहाचा कप मावतो. मनगट एकदमच दुखायचं थांबलं असं म्हणणार नाही, पाऊस यायचा असला की ते अजून सांगतं.

भाद्रपदात भावाचा फोन आला, वाटणीचा अर्ज देऊन टाकू. जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम ८५. भांडण नव्हतंच. विहिरीकडचा तुकडा त्याला, रस्त्याकडचा मला, पाण्याच्या पाळ्या तोंडी. चाकूरला तहसीलसमोर अर्जनवीस बसतात. आमचा अर्जनवीस चहाला उठला होता, संगणक चालू होता, त्यात इन्स्क्रिप्टही होतं. भाऊ म्हणाला, "तू एवढा टायपिंगवाला. दे की ठोकून." मी अंग चोरून त्या जुन्या कीबोर्डसमोर बसलो, पंगतीत मधे बसल्यासारखा, आणि चाळीस शब्दांच्या परीक्षेच्या ऐटीत ठोकून दिला. छापून निघाला. भावानं चष्मा लावला, कागद लांब धरला आणि मोठ्यानं वाचायला लागला.

"विषय, वडिलोपार्जित शेतजमिनीची वाटणी करून मि... मि णेबाबत." तो थांबला. कागद उजेडाकडं धरला. "अर्जदार रा. लातूर, सध्या शेताजव ... शेताजव काय? अरे, ळ कुठं ठेवून आलास?"

मी डाव्या अंगठ्याकडं बघितलं. तो अजून स्पेसबारवरच टेकलेला होता.

"नांदेडला," मी म्हटलं.